एमबीए कॉलेजच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांकडे पाहून प्रवेश घ्यावा का?

भाऊ, तुमचा प्रश्न मोठा होता, म्हणून आधी थोडक्यात मांडते. बहीण मानोरा तालुक्यातून बी.कॉम. झाली आहे, एमबीए सीईटीत ७८ पर्सेंटाइल आहेत. पुण्याच्या एका खासगी संस्थेतून पीजीडीएमसाठी (एमबीएसारखी व्यवस्थापनाची पदविका) थेट प्रवेशाचा फोन आला. राहण्या-जेवणासकट दोन वर्षांचे ८ लाख. माहितीपुस्तिकेत चार पानं भरून माजी विद्यार्थ्यांचे फोटो आहेत: कुणी बँकेत उपाध्यक्ष, कुणी ‘चाळिशीच्या आतले चाळीस’मध्ये, कुणाला ‘बिझनेस आयकॉन’ पुरस्कार. बाबा दोन एकर गहाण टाकायला तयार आहेत. आणि तुम्ही विचारलंय, “ज्या कॉलेजातून एवढी मोठी माणसं निघाली, ते कॉलेज चांगलंच असणार ना?”

मी बरीच वर्षं एका व्यवस्थापन संस्थेच्या माजी विद्यार्थी विभागात काम केलं. असली पानं मीच तयार करायची. फोटो मागवणं, पदनाम तपासणं, सत्कार समारंभाची यादी करणं, सगळं माझ्याच टेबलावरून जायचं. आता पुसदला असते आणि आपल्या भागातली मुलंमुली हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कॉलेज चांगलं की वाईट, हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. तुमच्या बहिणीसारखी मुलगी, म्हणजे मराठी माध्यम, तालुक्याचं कॉलेज, नोकरीचा अनुभव नाही, ओळखीपाळखी नाहीत, अशी मुलगी त्या संस्थेतून बाहेर पडली की पाच वर्षांनी कुठे असते? आणि तोवर आठ लाख फिटलेले असतात का? चार पानांवरचे फोटो खरे असतील, पुरस्कारही खरे असतील, तरी या दोन प्रश्नांची उत्तरं त्यांत नसतात.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही आधीच सांगते. बहिणीचं इंग्रजी बोलणं कसं आहे, तिला बँकेत जायचंय की मनुष्यबळ विभागात की विक्रीत, नोकरीसाठी पुणे-मुंबई-इंदूर कुठेही राहायची तिची आणि घरच्यांची तयारी आहे का, दोन वर्षांनी लगेच लग्नाचा विषय निघणार आहे का, यांवर उत्तर बदलतं. शेवटचा मुद्दा लोक फोनवर बोलत नाहीत, पण कर्ज कोण फेडणार हा प्रश्न तिथेच येऊन अडतो. तेव्हा तो आधीच घरात बोलून घ्या.

आता ती पानं तयार कशी होतात ते पाहू.

माहितीपुस्तिका छापायला जायच्या दोन-तीन महिने आधी वरून निरोप येतो, यंदा चांगली नावं हवीत. मग आम्ही लिंक्डइनवर संस्थेचं नाव टाकून शोधत बसायचो. ज्याच्या नावापुढे ‘डायरेक्टर’, ‘व्हाइस प्रेसिडेंट’ किंवा ‘फाउंडर’ दिसेल त्याला निरोप. त्यांतले बरेच जण पंधरा-वीस वर्षांत संस्थेकडे फिरकलेलेही नसतात. पुरस्कार द्यायचं ठरलं की येतात, कारण सत्कार कुणाला नको असतो? आपल्याकडेही सरपंच निवडून आला की पुढचे चार महिने शाल-श्रीफळ चालू असतात. शिवाय नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा मुद्दा असतो, त्यामुळे मेळावा आणि सत्काराचे फोटो फाइलला लागतातच. यात फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. ते पान कोणत्या कामासाठी बनतं, एवढंच कळावं.

‘माजी विद्यार्थी’ कुणाला म्हणायचं, यातही भरपूर जागा असते. मोठ्यांचंच उदाहरण घ्या. रतन टाटांची पदवी कॉर्नेलची, वास्तुशास्त्राची. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये त्यांनी १९७५ साली केला तो वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठीचा काही आठवड्यांचा कार्यक्रम, दोन वर्षांचं एमबीए नव्हे. हार्वर्ड त्यांना माजी विद्यार्थी मानतं, आणि तसं ते मोकळेपणाने सांगतंही. पुढे २०१० मध्ये टाटांनी तिथे ५ कोटी डॉलर दिले, त्यातून टाटा हॉल उभा राहिला. पण आपल्याकडची छोटी संस्था तीन दिवसांच्या शिबिराला आलेल्या कंपनी अधिकाऱ्याचा फोटो त्याच रांगेत लावते, आणि खाली कोर्सचं नाव लिहीत नाही. म्हणून पहिलं काम हे करा: प्रत्येक फोटोखाली बॅचचं वर्ष आणि अभ्यासक्रम आहे का ते पाहा. नसेल तर विचारा. उत्तर द्यायला कुचराई झाली, तर तेही एक उत्तरच आहे.

आता वर्षांचं बघा. खरोखर मोठे सन्मान मिळालेली माणसं घेऊ. इंद्रा नूयी कलकत्त्याच्या आयआयएममधून १९७६ मध्ये बाहेर पडल्या, १९८० मध्ये येलमधून पुन्हा पदवी घेतली, पेप्सिकोत गेल्या १९९४ ला, मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या २००६ ला, पद्मभूषण २००७ ला. अजय बंगा अहमदाबादच्या आयआयएमचे, १९८१ ची बॅच. मास्टरकार्डचे प्रमुख झाले २०१० मध्ये, पद्मश्री २०१६, जागतिक बँकेचे अध्यक्ष २०२३. संजीव बिखचंदानी अहमदाबादमधून १९८९ ला निघाले, नोकरी डॉट कॉम सुरू झालं १९९७ ला आणि पद्मश्री मिळाली २०२० ला. प्रत्येकाच्या बाबतीत कॉलेज सोडणं आणि सन्मान मिळणं यांत तीस-पस्तीस वर्षं आहेत. म्हणजे असा सन्मान सांगतो तो तीस वर्षांपूर्वीच्या कॉलेजबद्दल, त्या वेळच्या शिक्षकांबद्दल आणि त्या वेळच्या बाजाराबद्दल. तुमची बहीण आज जाणार, तिला आजचे शिक्षक, आज येणाऱ्या कंपन्या आणि आज शेजारी बसणारी मुलं मिळणार.

त्यात एकच माणूस अनेक भिंतींवर असतो. रघुराम राजन १९८५ मध्ये दिल्लीच्या आयआयटीतून, १९८७ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधून आणि १९९१ मध्ये एमआयटीतून पीएचडी होऊन बाहेर पडले. २०१३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, तेव्हा तिन्ही संस्थांना अभिमान वाटला, आणि वाटणारच. पण त्यांच्या यशात कुणाचा वाटा किती, हे कुणी सांगू शकतं का? शिवाय कॅटला, म्हणजे आयआयएमच्या प्रवेश परीक्षेला, दोन-तीन लाख मुलं बसतात आणि त्यांतून थोडी निवडली जातात. जो गाळून वर आलाय तो कुठेही गेला असता तरी बरंच काही करून दाखवलं असतं, ही शक्यता राहतेच.

आपल्या वर्ध्याचंच घर घ्या. जमनालाल बजाजांचे नातू राहुल बजाज हार्वर्डचे १९६४ चे एमबीए, २००१ मध्ये पद्मभूषण. त्यांनी बजाज ऑटो कुठून कुठे नेली हे साऱ्या देशाने पाहिलं, त्यांचं कर्तृत्व कुणी नाकारत नाही. पण हार्वर्डला जाण्याआधीच पाठीशी उद्योगाचं घर होतं. पुस्तिकेतल्या ‘डायरेक्टर’ पदांकडे पाहताना हे लक्षात ठेवा. आडनाव आणि कंपनीचं नाव एकच असेल, तर ते पद कॉलेजने दिलेलं नसतं. मी केलेल्या पानांवरही असे बरेच होते. मुलं हुशार होती, पण परत गेली ती वडिलांच्याच जिनिंगमध्ये नाहीतर दालमिलमध्ये.

जमनालालजींच्या नावाची मुंबईतली संस्था १९६५ पासून आहे, मुंबई विद्यापीठाची, आणि कोटक महिंद्रा बँकेचे संस्थापक उदय कोटक तिथले १९८२ चे. तिथला प्रवेश राज्याच्या सीईटीवरच होतो, पण त्यासाठी ९९ च्याही वर पर्सेंटाइल लागतात. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे कुणीतरी “सीईटीवरून कोटक झाला” असं सांगतो आणि मुलगा ७८ पर्सेंटाइल घेऊन भलतीकडे पैसे भरतो.

पुरस्कारांबद्दल थोडं. ‘चाळिशीच्या आतले चाळीस’, ‘आयकॉन’, ‘एक्सलन्स’, ‘ग्लोबल लीडर’ असल्या नावांचे बरेचसे सोहळे कसे चालतात ते मी टेबलाच्या या बाजूने पाहिलंय. ई-मेल येतो, “अभिनंदन, आपली निवड झाली आहे.” तीन परिच्छेद कौतुक, आणि खाली हळूच सहभाग शुल्क, मासिकातल्या पानाचे पैसे, हॉटेलातल्या टेबलाचे पैसे. संस्थांनाही असे ई-मेल येतात, ‘विदर्भातील सर्वोत्तम व्यवस्थापन महाविद्यालय’ वगैरे. सगळेच सोहळे असे नसतात. पारखायला तीन प्रश्न पुरतात: निवड करणारे कोण होते, स्पर्धेत हरलेलं कुणी होतं का, आणि घेणाऱ्याने पैसे भरले का? पद्म पुरस्काराला पैसे लागत नाहीत, शिफारस कुणीही नागरिक सरकारी संकेतस्थळावरून करू शकतो आणि यादी प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी जाहीर होते. एक गंमत सांगते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलंय की पद्म पुरस्कार हा किताब नाही, तो नावाच्या मागेपुढे लावायचा नसतो. तरी पुस्तिकांमध्ये आणि आपल्या लग्नपत्रिकांमध्ये ‘पद्मश्री अमुक’ छापलेलं दिसतंच.

आणि भिंतीवरून उतरवलेली नावं तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे एन्रॉन हे नाव आपल्याला माहीत आहे. त्या कंपनीचा प्रमुख जेफ्री स्किलिंग हा हार्वर्डचा १९७९ चा एमबीए, वर्गातल्या वरच्या पाच टक्क्यांत येऊन बेकर स्कॉलर झालेला. २००६ मध्ये घोटाळ्यात दोषी ठरला.

आपल्याकडे बियाणं कंपनी रस्त्याच्या कडेला प्रात्यक्षिकाचा प्लॉट लावते ना, ठिबक, वेळेवर फवारणी, वर मोठा फलक. ते पीक खोटं नसतं. पण आपल्या कोरडवाहूत, दोन पावसांत वीस दिवसांचा खंड पडला तर ते बियाणं काय करेल, हे विचारायचं असतं शेजारच्या शेतकऱ्याला. कॉलेजच्या बाबतीत हा शेजारचा शेतकरी म्हणजे मागच्या तीन ते सात वर्षांत तिथून निघालेली, तुमच्या बहिणीसारखी साधी मुलं. ती शोधायची कशी?

लिंक्डइनवर खातं उघडा, फुकट आहे. त्या संस्थेच्या पानावर माजी विद्यार्थ्यांचा विभाग असतो, तिथे उत्तीर्ण होण्याची वर्षं टाकून गाळता येतं. त्यात अमरावती विद्यापीठातून बी.कॉम., बी.एस्सी. कृषी किंवा बी.ए. केलेली मुलं शोधा. यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, अकोला अशी गावं दिसतील. त्यांना साधं मराठीत लिहा: “दादा/ताई, मी मानोऱ्याची. तुमच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा विचार आहे. पहिली नोकरी कॉलेजने आणलेल्या कंपनीत लागली की स्वतः शोधली? पहिल्या महिन्यात हातात किती आले? वर्गातल्या किती जणांना सहा महिन्यांत नोकरी नव्हती?” दहा जणांना पाठवा. गावचं नाव पाहून आपली मुलं सहसा उत्तर देतात. हे पत्र बहिणीनेच लिहावं, तुम्ही नाही. पुढे तिलाच या लोकांशी ओळख ठेवायची आहे.

पहिली नोकरी पाहून थांबू नका, तिसऱ्या वर्षी माणूस काय करतो ते पाहा. कॉलेजने लावलेली नोकरी सहा महिन्यांत सुटली आणि पुढे दीड वर्ष काहीच नाही, असं खूप जणांच्या बाबतीत दिसलं, तर कंपन्या फक्त आकडा भरायला येत होत्या असं समजा. विम्याची किंवा मालमत्तेची विक्री, पगार कमी आणि बाकी सगळं कमिशनवर, अशा नोकऱ्या ‘१०० टक्के प्लेसमेंट’मध्ये धरल्या जातात.

एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची क्रमवारी, २०१६ पासून आहे. तिच्यासाठी संस्थेने भरलेली माहिती संस्थेच्याच संकेतस्थळावर असते. त्यात किती मुलांनी प्रवेश घेतला, किती वेळेत उत्तीर्ण झाली, किती जणांना नोकरी लागली आणि पगाराचा मध्यक (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा) किती, एवढं मिळतं. मध्यक आणि सरासरी यांत फार फरक असतो. दहा मुलांपैकी नऊ जणांना साडेतीन लाखांची नोकरी आणि एकाला छत्तीस लाखांची, तर सरासरी येते पावणेसात लाख. मध्यक मात्र साडेतीनच. पुस्तिकेत सरासरी छापतात, किंवा नुसता सर्वांत मोठा आकडा. ही माहिती संकेतस्थळावर नसेल तर का नाही, ते फोन करणाऱ्या समुपदेशकाला विचारा. तो विषय बदलेल आणि “जागा भरत चालल्या, आजच पन्नास हजार भरा” म्हणेल. त्याचा पगारही बहुधा भरलेल्या जागांवर ठरतो, तेव्हा त्याच्यावर राग धरू नका, फक्त पैसे भरू नका.

आता एका मुलीचं सांगते. यवतमाळ जिल्ह्यातलीच, घरी कोरडवाहू शेती, कॉलेजात कधी पहिल्या बाकावर बसली नाही. कॅम्पसमधून तिला ग्रामीण भागात कर्जं देणाऱ्या एका वित्त कंपनीत नोकरी लागली, पगार वर्गात जवळजवळ तळाचा. पण मराठी, वऱ्हाडी आणि हिंदी तिन्हींत ग्राहकाशी बोलता यायचं, कापूस कधी विकला जातो आणि हप्ता कधी थकतो हे तिला शिकवावं लागलं नाही. शहरातून आलेली मुलं सहा महिन्यांत कंटाळून गेली, ती राहिली. शाखा, मग चार शाखा, मग अर्धा विभाग तिच्याकडे आला. शैक्षणिक कर्ज मुदतीआधी फेडलं, धाकट्या भावाला शिकवलं. दरवर्षी आपल्या भागातल्या दोन-तीन मुलींचे अर्ज ती स्वतः पुढे पाठवते.

सत्काराच्या यादीत तिचं नाव मी सुचवलं होतं. बैठकीत म्हणाले, “पदनाम छोटं आहे, कंपनी कुणाला माहीत नाही, फोटोला वजन नाही.” त्या वर्षी ज्याचा सत्कार झाला तो एका परदेशी बँकेत होता. एमबीएआधी इंजिनिअर, तीन वर्षांचा अनुभव, वडील पुण्यात अधिकारी. माणूस चांगला होता, भाषणही छान केलं. पण तुमच्या बहिणीने कुणाचा फोन नंबर घ्यावा, असं मला विचाराल तर मी त्या मुलीचा सांगेन.

म्हणूनच मी कॉलेज तोलताना माजी विद्यार्थ्यांची उंची कमी आणि पोच जास्त पाहते. फोन केला तर उचलतात का? ज्युनिअरचा अर्ज पुढे सरकवतात का? मोठ्या संस्थेचा खरा फायदा हाच असतो. जिथे मधल्या फळीतले शंभर जण एकमेकांना धरून आहेत, ते कॉलेज दोन प्रसिद्ध चेहऱ्यांच्या कॉलेजपेक्षा आपल्या मुलांच्या जास्त कामाचं.

आता पैशाचं, कारण पुस्तिकेपेक्षा ते मोठं आहे.

८ लाखांचं कर्ज, दर वर्षाच्या सुरुवातीला ४-४ लाख उचलले, व्याज १० टक्के धरा. शिकत असताना आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळ व्याज चढतच असतं. पहिल्या ४ लाखांवर तीन वर्षांचे १ लाख २० हजार, दुसऱ्या ४ लाखांवर दोन वर्षांचे ८० हजार. हप्ता सुरू होताना डोक्यावर १० लाख. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण १३,२०० रुपये. साडेतीन लाखांच्या पॅकेजमध्ये हातात येतात चोवीस-पंचवीस हजार. पुण्यात खोली, डबा, बस धरून दहा-बारा हजार जातात. म्हणजे पगार आला आणि गेला, घरी पाठवायला काही नाही. सहा-सात लाखांचं पॅकेज असेल तर हेच कर्ज आरामात फिटतं. म्हणून मध्यकाचा आकडा हातात आल्याशिवाय हो म्हणायचं नाही.

जमीन गहाण टाकण्याबद्दल मी स्पष्टच सांगते: टाकू नका, आणि गरजही नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राची हमी योजना आहे, त्यात तारण लागत नाही, पालक सहकर्जदार असले की चालतं. उलट शेतजमीन बँका या कर्जाला सहसा घेतच नाहीत, कारण थकबाकी वसुलीचा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. मग जमीन गहाण घेतो कोण? गावातला सावकार. त्याच्याकडे ‘विक्रीखत करून देऊ, नंतर परत फिरवू’ असले व्यवहार होतात आणि पोरगी शिकून येईपर्यंत सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव लागलेलं असतं. बाबांना हे तुम्हीच समजावून सांगा, माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील.

आणि एक गोष्ट तुमच्या प्रश्नात आलीच नाही, मला वाटतं तीच सगळ्यात मोठी आहे. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, पालकांचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अट ही की प्रवेश सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेरीतून झाला पाहिजे. व्यवस्थापन कोटा, संस्था पातळीवरचा थेट प्रवेश, खासगी आणि अभिमत विद्यापीठं यांना ते लागू नाही. अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्तांच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. सगळ्यांचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर. तुमच्या बहिणीला आलेला फोन थेट प्रवेशाचा, म्हणजे ही माफी सोडून देण्याचा आहे. फोन करणाऱ्याने हे सांगितलं नसणार.

७८ पर्सेंटाइलला अमरावती, नागपूर आणि पुण्याच्या बाजूचीही काही एमबीए कॉलेजं कॅपमधून मिळू शकतात. आपल्याकडच्या कॉलेजांचा उणेपणाही सांगते: कंपन्या कमी येतात, येतात त्या बहुतेक बँका, विमा, सूक्ष्म वित्त आणि विक्रीसाठी. बोलण्याचा सराव स्वतः करावा लागतो, उन्हाळ्यातली इंटर्नशिप धावपळ करून मिळवावी लागते. पण डोक्यावर कर्ज नसेल तर दोन वर्षांनी ती पंचवीस हजारांची नोकरी धरून पुण्याला जाऊ शकते आणि तिथून उडी मारू शकते. १० लाख घेऊन पुण्यात बसलेल्या मुलीला हे स्वातंत्र्य नसतं, मिळेल ते धरावं लागतं.

शेतीमालाच्या व्यवसायात रस असेल तर ते वेगळं दालन आहे. आणंदची इर्मा, डॉ. कुरियन यांनी १९७९ मध्ये उभी केलेली, याच कामासाठी ओळखली जाते. तिथली प्रवेशाची स्पर्धा मोठी. जवळचं पाहायचं तर शेतकरी उत्पादक कंपन्यांना व्यवस्थापक हवे असतात. केंद्राच्या दहा हजार कंपन्यांच्या योजनेत व्यवस्थापकाच्या पगारासाठी महिन्याला २५ हजारांपर्यंत मदत होती, तीही तीन वर्षांसाठी. त्यानंतर कंपनीने स्वतः कमावून पगार द्यायचा. सोयाबीन-तुरीचा व्यवहार समजणारी मुलगी तिथे टिकते, पण पाच आकड्यांच्या हप्त्याचं ओझं घेऊन तिने तिकडे जाऊ नये.

तिसरा पर्याय थांबण्याचा. घरची घाई नसेल तर दीड-दोन वर्षं कुठेही नोकरी, सोबत बँकेच्या परीक्षा आणि कॅटची तयारी. नागपूरचं आयआयएम २०१५ पासून आहे, आता मिहानमध्ये स्वतःच्या आवारात. फी मोठी, पण अशा संस्थांना बँका तारणाशिवाय कर्ज देतात. मात्र थांबणं म्हणजे घरी बसणं नव्हे. मुलगी एक वर्ष घरी बसली की आपल्याकडे स्थळं यायला लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या जागी मी असते तर पुण्याला आज पैसे भरले नसते. समुपदेशकाला तीन गोष्टी लेखी मागितल्या असत्या: मागच्या तीन बॅचेसचा मध्यक पगार, अनुभव नसलेल्या वाणिज्य पदवीधर मुलींपैकी किती जणींना कुठे नोकरी लागली, आणि प्रवेश रद्द केल्यास किती पैसे परत. मूळ गुणपत्रिका कुणालाही ठेवायला देऊ नका. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, संस्थांना त्या अडकवून ठेवायला मनाई केलेली आहे. लेखी उत्तर आलं, मध्यक सहा लाखांच्या वर निघाला आणि आपल्या भागातल्या दोन-तीन मुलांनी बरं सांगितलं, तर साडेसात लाखांच्या आत, जमीन न लावता पुण्याचा विचार जरूर करा. माझा त्या संस्थेला विरोध नाही, मी तिचं नावही विचारलेलं नाही.

तोवर कॅपची तयारी ठेवा. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल ते नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो, सेतू केंद्रात या हंगामात रांगा असतात, म्हणून उद्याच अर्ज टाका. ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजांचा क्रम फार महत्त्वाचा असतो. तो भरण्याआधी बहिणीने निवडलेली नावं आणि तिला आलेली माजी विद्यार्थ्यांची उत्तरं इथेच टाका, मी पाहून सांगते.